ट्यून केलेल्या गाडीचा बाप कोण?

जर्मनीत, बव्हेरियातल्या फाफेनहाउझेन या छोट्या गावात रूफ नावाची कंपनी आहे. १९८०च्या दशकात तिच्या फाटकातून दोन प्रकारच्या गाड्या बाहेर पडत. पहिल्या प्रकारात पोर्शेकडून कोरा सांगाडा यायचा, त्यावर नंबर नसायचा. रूफचे कारागीर त्यात आपलं इंजिन, आपला गिअरबॉक्स, आपले ब्रेक बसवायचे आणि चॅसिसवर स्वतःचा नंबर ठोकायचे. तो डब्ल्यू०९ या अक्षर-अंकांनी सुरू व्हायचा. दुसऱ्या प्रकारात एखादं गिऱ्हाईक आपली वापरातली पोर्शे ९११ घेऊन यायचं. तिच्यातही तेच इंजिन आणि तेच सामान बसायचं, आणि गाडी आपल्या मूळ नंबरासकट घरी जायची. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर जाणकारालाही वाकून नंबर वाचावा लागेल. तरीही कागदावर पहिली रूफ, दुसरी पोर्शे. जुन्या गाड्या जमवणारे लोक पहिलीला बरेच जास्त पैसे मोजतात.

गाड्यांच्या शौकिनांत यावरून कायम जुंपलेली असते. रूफ, अल्पिना, एएमजी, अबार्थ, शेल्बी यांना वेगळी मेक, म्हणजे स्वतंत्र ब्रँड मानायचं, की त्या फक्त पोर्शे, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, फियाट आणि फोर्डच्या नटवलेल्या गाड्या? एक गट म्हणतो, सांगाडा ज्याचा त्याची गाडी; आडात पोर्शे असेल तर पोहऱ्यात दुसरं काय येणार? दुसरा गट ताकदीचे आकडे तोंडावर फेकतो. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा वाद. पण आपल्या आरटीओत, विम्याच्या दाव्यात आणि सुप्रीम कोर्टातही याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि आपल्याकडे ते फार ढोबळपणे दिलं जातं, असं माझं मत आहे.

माझी कसोटी सरळ आहे. गाडी पेटली, ब्रेक फेल झाले, धुराच्या चाचणीत नापास झाली, तर सरकारची नोटीस ज्याच्या पत्त्यावर जाते तो निर्माता. बाकी ताकद, आवाज, बिल्ला, इतिहास हे सगळं त्यानंतर.

ताकदीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यात जास्त मिरवला जातो. रूफची पिवळी सीटीआर १९८७ साली एका अमेरिकी मासिकाने फोक्सवॅगनच्या एरा-लेसियन ट्रॅकवर पळवली, तेव्हा तिने ताशी ३३९ किलोमीटरचा वेग गाठला. पोर्शेची स्वतःची ९५९ मागे पडली. ३.४ लिटरचं, दोन टर्बोचं ते इंजिन ४६९ हॉर्सपॉवर देत होतं. पोर्शेच्या ज्या कॅरेरावर ती बेतलेली होती तिचं इंजिन २३१ हॉर्सपॉवरच्या आसपास होतं. म्हणजे ताकद दुप्पट. पण दुप्पट ताकदीने निर्माता बदलत असेल, तर आपल्याकडे ईसीयू रिमॅप करून (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून), डाउनपाइप म्हणजे धुराचा मोठा पाइप टाकून 'स्टेज टू' म्हणवणारं प्रत्येक गॅरेज कार कंपनी ठरेल. सीटीआर वेगळी ठरते ती आकड्यामुळे नाही. १९८१ पासून जर्मन सरकारच्या दप्तरी रूफची निर्माता म्हणून नोंद होती, आणि त्या नंबराखाली विकलेल्या प्रत्येक गाडीबद्दल रूफलाच उत्तर द्यावं लागत होतं, म्हणून ती वेगळी.

इंजिन ज्याचं त्याची गाडी, हेही टिकत नाही. इटलीतली पागानी १९९९ पासून मर्सिडीजचं व्ही-१२ इंजिन वापरते आणि ते एएमजीकडून येतं. पागानीला मर्सिडीज म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपल्याकडच्या डीसी अवंतीत रेनोचं इंजिन होतं, आणि तिला रेनो कुणी म्हटलं नाही. मग सांगाडा? पागानीचा सांगाडा पागानीचा, हे खरं. पण अल्पिनाचं काय करायचं?

अल्पिना हे या सगळ्या वादातलं सगळ्यात सुंदर प्रकरण आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. बुर्कार्ड बोफेनझीपेन यांच्या वडिलांचा टाइपरायटर बनवण्याचा कारखाना होता, त्याचं नाव अल्पिना. मुलाने बीएमडब्ल्यू १५००साठी वेबरच्या दोन कार्ब्युरेटरचं किट तयार केलं. ते इतकं नीट बसलं की बीएमडब्ल्यूने ते लावलेल्या गाडीचीही वॉरंटी चालू ठेवली. १९६५ मध्ये कंपनी झाली आणि पुढे ती बुखलोए गावात स्थिरावली. तिच्या बिल्ल्यावर तांबड्या आणि निळ्या पार्श्वभूमीवर कार्ब्युरेटर आणि क्रँकशाफ्ट दिसत. घराण्याचा धंदा कशावर उभा राहिला हे इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा बिल्ला माझ्या पाहण्यात नाही.

१९८३ मध्ये जर्मन सरकारने अल्पिनाला निर्माता म्हणून मान्यता दिली. गंमत म्हणजे तिच्या गाड्या बऱ्याच अंशी बीएमडब्ल्यूच्याच असेंब्ली लाइनवर जुळत, शेवटचा हात बुखलोएमध्ये फिरत असे, आणि विक्री-सर्व्हिसही बहुतेक बीएमडब्ल्यूच्या डीलरकडेच. म्हणजे सांगाडा बीएमडब्ल्यूचा, लाइन बीएमडब्ल्यूची, दुकानही बीएमडब्ल्यूचं. तरी चॅसिस नंबराची सुरुवात डब्ल्यूएपी, म्हणजे अल्पिना. आता तीच अल्पिना बी७ अमेरिकेत पाहा. तिथे ती बीएमडब्ल्यूचं एक मॉडेल म्हणून बीएमडब्ल्यूच्या अमेरिकी कंपनीने विकली आणि तिचा नंबर डब्ल्यूबीएने सुरू होतो, म्हणजे बीएमडब्ल्यू. बॉनेटखाली तेच यंत्र, पण एका देशात एक मेक आणि दुसऱ्या देशात दुसरी. कारण अमेरिकेतल्या प्रदूषण आणि सुरक्षेच्या मान्यतेचं ओझं बीएमडब्ल्यूने उचललं. शौकिनांना हे उदाहरण आवडत नाही. मला वाटतं, अख्ख्या वादाचा निकाल याच उदाहरणात आहे.

कोणी म्हणेल, मग सगळं कागदावरच ठरवा की. तसंही नाही, कारण कागद फसवतो. बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या एम विभागाकडे पाहा. एम३, एम५ यांच्या नंबराची सुरुवात डब्ल्यूबीएस. म्हणजे कागदोपत्री एम जीएमबीएच ही एम विभागाची कंपनी वेगळी निर्माती. ऑडीच्या वेगवान आरएस गाड्यांचंही तेच, त्यांचा नंबर डब्ल्यूयूए. पण एम३ला वेगळी मेक म्हणणं मला पटत नाही. एम ही बीएमडब्ल्यूच्या घरातलीच खोली आहे. तिने काय बनवायचं, कितीला विकायचं, कुठे थांबायचं हे बीएमडब्ल्यूचे म्युनिकमधले संचालक ठरवतात.

म्हणून जबाबदारीबरोबर मी आणखी एक गोष्ट तपासतो: मूळ कंपनीला न आवडणारा निर्णय घेण्याची मुभा. १९८९ मध्ये अल्पिनाने बी१० बायटर्बो आणली. पाया बीएमडब्ल्यू ५३५आयचा, ताकद ३६० हॉर्सपॉवर. त्याच वेळी बीएमडब्ल्यूची स्वतःची एम५ ३१५ हॉर्सपॉवरची होती. जर्मन कंपन्यांनी आपापसात ठरवून ताशी २५० किलोमीटरची मर्यादा घालून घेतली होती. अल्पिनाने ती मानली नाही, तिची बी१० ताशी २९०च्या घरात जात असे. एम विभाग हाताने बदलायच्या गिअरला देवघरात ठेवून पुजत होता तेव्हा अल्पिना ऑटोमॅटिक विकत होती, आणि एमला डिझेल सुचायच्या कितीतरी आधी तिने डिझेलवरची वेगवान गाडी काढली. ज्या कंपनीच्या लाइनवर आपली गाडी जुळते तिच्याच सर्वोत्तम मॉडेलला मागे टाकणारी गाडी विकायला छाती लागते. स्वतंत्र मेक म्हणजे हे, असं मी मानतो.

या दोन कसोट्या लावल्या की बाकीच्यांचा हिशोब भराभर लागतो. एएमजी १९६७ मध्ये आउफरेख्ट आणि मेल्शर या दोघांनी सुरू केली. तिसरं अक्षर आउफरेख्ट यांचं जन्मगाव ग्रोसआस्पाख. १९७१च्या स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत त्यांची अवजड तांबडी मर्सिडीज एकूण दुसरी आली तेव्हा एएमजीचा रुबाब पूर्णपणे स्वतःचा होता, पण ती गाडी मर्सिडीज म्हणूनच धावली. १९९० मध्ये मर्सिडीजशी करार झाला, १९९३ची सी३६ सरळ मर्सिडीजच्या शोरूममध्ये लागली, १९९९ मध्ये ५१ टक्के हिस्सा मूळ कंपनीने घेतला आणि २००५ मध्ये उरलेलाही. एसएलएस ही एएमजीने मुळापासून घडवलेली पहिली गाडी येईपर्यंत एएमजी मर्सिडीजच्या पोटात गेलेली होती. स्वतंत्र मेक होण्याच्या उंबरठ्यावर आली तेव्हाच ती विकली गेली. आज आपल्या चाकणमध्येही एएमजी गाड्या जुळतात, २०२० मध्ये जीएलसी ४३ कूपेपासून ते सुरू झालं. ती एएमजी आहे का? बॉनेट उघडणाऱ्याला विचारलंत तर हो. मला विचारलंत तर मर्सिडीज, आणि त्यात कमीपणा काही नाही.

शेल्बीची गोष्ट तर अर्धी नियमपुस्तकातच घडली. १९६५ मध्ये कॅरोल शेल्बी यांना फोर्ड मस्टँग अमेरिकी स्पोर्ट्स कार शर्यतींत उतरवायची होती. शर्यती भरवणाऱ्या संघटनेचा नियम असा की गाडी दोन आसनी हवी आणि किमान १०० बनलेल्या हव्यात. मग मागचं सीट काढून त्या जागी स्टेपनी ठेवली, आणि चार माणसांची गाडी शर्यतीच्या दृष्टीने वेगळ्या जातीची झाली. सॅन होजेच्या फोर्ड कारखान्यातून अर्धवट गाड्या यायच्या, शेल्बीच्या माणसांनी पूर्ण करायच्या आणि चाकावरच्या पत्र्याला एक पाटी रिव्हेट करायची, एसएफएम५एसने सुरू होणारी. ती पाटी फोर्डच्या कोरलेल्या नंबराच्या बरोबर वर बसायची. पाटी उचकटली की खाली फोर्ड. शेल्बीचा बाप कोण, यावर अमेरिकेत आजही वाद चालतो तो या रिव्हेटांच्या आसपास. काही वर्षांत काम फोर्डकडे सरकलं आणि शेवटच्या शेल्बींवर फोर्डचाच नंबर उरला. माझ्या लेखी पहिल्या दोन वर्षांच्या शेल्बी ही मेक, नंतरचं ते मॉडेल.

आता आपल्याकडे येऊ, कारण हा वाद मला खरा सतावतो तो इथे.

पुण्याजवळच्या रांजणगावात २०१५ मध्ये फियाटने अबार्थ पुंटो बनवली. १४५ हॉर्सपॉवर, दहा लाखांच्या आत एक्स-शोरूम किंमत, पुढे फियाटच्या जागी विंचवाचा बिल्ला. इटलीत अबार्थ १९४९ पासूनची, कधीकाळी खरोखर स्वतंत्र, १९७१ मध्ये फियाटने विकत घेतलेली. रांजणगावच्या विंचवामागे मात्र कायद्याच्या दृष्टीने फियाट इंडियाच होती. टाटा मोटर्सने कोइंबतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजबरोबर जेटीपी नावाची भागीदारी केली, २०१८च्या ऑक्टोबरमध्ये टियागो आणि टिगोरच्या ११४ अश्वशक्तीच्या आवृत्त्या आल्या आणि २०२० मध्ये तो संसार आटोपला. दोन्ही गाड्या चांगल्या होत्या, दोन्ही फारशा खपल्या नाहीत. पण लक्षात घ्या, दोन्ही ठिकाणी ट्यूनरला मोठ्या कंपनीच्या पदराआडूनच यावं लागलं. आपल्या कायद्यात दुसरा दरवाजाच नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मूळ जे नमूद केलं त्याच्याशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत एका बाजूला निर्माता, आयातदार आणि डीलर, दुसऱ्या बाजूला गुन्हेगार मालक. ज्याने पान्हा फिरवला तो मधला माणूस या चित्रात नाहीच. बुलेटचे कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलीस त्यावर रोडरोलर फिरवतात, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. (मला त्या सायलेन्सरबद्दल काडीची सहानुभूती नाही, रात्री अकराला ज्याच्या खिडकीखालून ते जातात त्याला विचारा.) पण फोटोत सायलेन्सर बनवणारा आणि बसवणारा कधी दिसत नाही.

आपल्याकडे असा मधला मार्ग कुठेच नाही, असं मात्र नाही. सीएनजी किट घ्या. पेट्रोल गाडीत सिलिंडर, रेग्युलेटर, नवीन इंधन-नळ्या बसवणं हा रिमॅपपेक्षा कितीतरी मोठा बदल. तरी तो कायदेशीर आहे. किट बनवणाऱ्याने एआरएआयसारख्या, गाड्यांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडून मान्यता घ्यायची, अधिकृत केंद्रात बसवून घ्यायचं, आरटीओत आरसीवर नोंद करायची. सिलिंडरची ठरावीक काळाने तपासणी. गाडी मारुतीचीच राहते, पण त्या भागाची जबाबदारी कोणाची हे कागदावर असतं. बसचं उदाहरण तर याहून चांगलं. आपली एसटी वर्षानुवर्षं टाटा किंवा लेलँडचं चॅसिस घेऊन दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत त्यावर बॉडी बांधत आली. चॅसिसवाला वेगळा, बॉडीवाला वेगळा, आणि बॉडी कशी असावी याची स्वतंत्र संहिता आहे. एका वाहनाला दोन बाप असू शकतात हे आपल्या कायद्याला ठाऊक आहे. त्याने ते बसपुरतं ठेवलंय, एवढंच.

जर्मनीत हे मधलं अंतर पायऱ्यांनी भरलेलं आहे. एखादा भाग तपासून त्याचं प्रमाणपत्र गाडीत बाळगायचं, ही पहिली पायरी. बदल मोठा असेल तर तपासणी संस्थेकडून गाडी बघून घेऊन कागदपत्रांत नोंद, ही दुसरी. आणि थोड्या संख्येने अख्ख्या गाड्याच बनवायच्या असतील, तर छोट्या उत्पादकांसाठी वेगळी मान्यता. युरोपीय संघात ती वर्षाला १५०० गाड्यांपर्यंत मिळते. किट विकणारा माणूस शिडी चढत चढत निर्माता होऊ शकतो. अल्पिना तशीच चढली, कार्ब्युरेटरपासून.

यावर मोठ्या कंपन्यांचं उत्तर मला ऐकू येतंय, आणि ते खोटं नाही. आजच्या गाडीत ब्रेक, स्टिअरिंग, रडार, कॅमेरे एकमेकांशी बोलतात. बाहेरच्या कुणी इंजिनचा प्रोग्राम बदलला तर बाकीच्यांवर काय परिणाम होईल हे तपासायला लागणारा पैसा आणि उपकरणं छोट्या माणसाकडे नसतात. अल्पिनाची गोष्ट याच कारणाने संपली. मार्च २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने अल्पिनाच्या नावाचे हक्क घेत असल्याचं जाहीर केलं तेव्हा विद्युतीकरण, धुराचे नियम, सॉफ्टवेअरची तपासणी आणि सेन्सरच्या अटी यांमुळे छोट्या उत्पादकाची जोखीम फार वाढल्याचं कारण दिलं गेलं. विक्री चांगली असताना, वर्षाला दोन हजारांच्या आसपास गाड्या जात असताना, घराण्याने नाव विकलं. ताकदीच्या शर्यतीत त्यांना कुणी हरवलं नव्हतं. जबाबदारी पेलणं महाग झालं. माझ्या कसोटीला याहून मोठा पुरावा मी आणणार नाही. बोफेनझीपेन घराण्याने नंतर आपल्याच आडनावाने नवी कंपनी काढली आणि २०२५ मध्ये इटलीच्या झागातो या डिझाइन कंपनीबरोबर बीएमडब्ल्यू एम४वर बेतलेली कूपे आणली. म्हणजे हौस फिटली नाहीच.

पण त्या अडचणीचं उत्तर दरवाजा बंद ठेवणं हे नाही. तो बंद असल्याने आपल्याकडे ट्यूनिंग थांबलेलं नाही, ते फक्त बेनामी झालंय. मुंबई-पुण्यात रिमॅप करून देणारे सर्रास आहेत. गिऱ्हाईक सर्व्हिसिंगला जाताना मूळ प्रोग्राम परत टाकून घेतं, आल्यावर पुन्हा बदलतं. विमा कंपनीला कुणी सांगत नाही. अपघात झाला की दावा नाकारला जातो, आणि ज्याने 'काही होत नाही, दादा' म्हणून वीस हजार घेतले त्याचं नाव कुठेच नसतं.

मला हवंय ते असं. वेताळ टेकडीवर एआरएआय बसलीच आहे. तिथे किटला मिळते तशी मान्यता ट्यूनिंगच्या पॅकेजला मिळावी, ठरलेल्या मॉडेलपुरती आणि ठरलेल्या संख्येपुरती. डायनो या ताकद मोजायच्या यंत्रावरचा कागद कुणालाच दाखवू नका. धूर, आवाज आणि ब्रेक यांचे अहवाल दाखवा. आरसीवर बदल करणाऱ्याचं नाव यावं, आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी त्याने द्यावी. बिघाड सिद्ध झाला तर गाड्या परत बोलावण्याचा खर्चही त्याचाच. हे सगळं पेलून जो वर्षाला पन्नास गाड्या देईल, त्याच्या गाडीला मी बिनदिक्कत वेगळी मेक म्हणेन, मग खालचा पत्रा साणंदचा असो की चाकणचा.

अशा अटी घातल्या तर आज मागच्या काचेवर आपल्या गॅरेजचं स्टिकर चिकटवून देणाऱ्यांपैकी किती जण सही करतील? माझा अंदाज, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले दोघं-तिघं कोइंबतूरचे निघतील आणि एखादा पुण्याचा. आज त्यांची नोंद करायला आरसीवर जागाच नाही, आणि काचेवर स्टिकर लावणाऱ्या बाकीच्यांना तीच गोष्ट सोयीची पडते.